शेवटच्या धारेचं दूध

“शेवटची धार देल्फीनची. त्या पेल्याला तू हात लावायचा नाहीस, एतेल्विना. तुला मधलं मिळेल.”

किटोतल्या प्रयोगशाळेत नळाखाली एक बरणी बाहेरून धुता धुता, भर दुपारी, चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचा आईचा हा आवाज एतेल्विनाच्या कानात इतका स्वच्छ वाजला की बरणी डाव्या हातातून निसटून सिंकमध्ये पडता पडता राहिली. मेयोनेजची बरणी होती. झाकणाभोवती चिकटपट्टीचे चार वेढे, आत फॉर्मलिन आणि त्यात तरंगणारा करडा गुलाबी पिशवीसारखा तुकडा. डोंगराकडची बस रोज अशा चार-सहा बरण्या आणून टाकायची, त्यात नवल काही नव्हतं. ही येणार हेही तिला ठाऊक होतं, कारण आठवड्यापूर्वी आईनंच फोन करून विचारलं होतं, “तुमच्या तिथं गायींचंही बघतात ना गं? माझी पालोमा गेली. डॉक्टर म्हणतो, पिशवी पाठवून बघू. नीट बघायला सांग हं.” एतेल्विना हो म्हणाली होती. मग आज बरणीसोबतचा कागद तिनं उलगडला. जनावर, गाय. नाव, पालोमा. वय नऊ. अवयव, मूत्राशय. तक्रार, तांबडी लघवी, दीड वर्ष. मालकीण, रोसालिया, विधवा, मुक्काम युराकुर्कू. आणि सगळ्यात खाली, ढोरांचा डॉक्टर सवयीनं भरतो ती ओळ: दुधाचा वापर, घरी. एवढंच. त्या दोन शब्दांपाशी तिचे डोळे थांबले. ती ओळ तिनं पुन्हा वाचली, आणि तिच्या लक्षात आलं, आपल्याला राग आलाय.

राग तिच्या ओळखीचा नव्हता असं नाही. सोळाव्या वर्षी गावाहून किटोला आली, ख्रिस्ती जोगिणींच्या वसतिगृहात राहिली, तेव्हा तिनं एक व्रत घेतलं होतं: रागाचा शब्द तोंडातून काढायचा नाही. रोज पहाटे सान रोकेच्या देवळात जायचं, दिवसाचा नेम बोलायचा, संध्याकाळी परत येऊन हिशेब द्यायचा की आज एकही शब्द गेला नाही. छत्तीस वर्षं तिनं हे पाळलं. भाजीवालीनं सडका बटाटा घातला तरी, बसमध्ये कोणी पायावर पाय दिला तरी. लोक म्हणत, एतेल्विनाबाई म्हणजे लोणी. फक्त न बोललेल्या शब्दांचं पुढं काय होतं, हे तिनं देवाला कधी विचारलं नव्हतं आणि त्यानंही आपणहून सांगितलं नव्हतं. धाकटा भाऊ देल्फीन गेला तेव्हा गावातल्या बायका अंगणात बसून म्हणाल्या होत्या, बायको स्पेनला निघून गेली, ते दुःख त्यानं गिळलं, त्याचीच पोटात गाठ झाली. एतेल्विना पलीकडे मक्याचे उकडलेले दाणे पानात वाढत होती. तीस वर्षं ती गाठी कापत होती. मेणात बसवून, केसाहून पातळ पापुद्रे काढून, कोमट पाण्यावर पसरून. पू निघालेला तिनं पाहिला होता, चरबी, चुना, एकदा एका बाईच्या गाठीत केस आणि दात. दुःख कधी निघालं नव्हतं. राग कधी निघाला नव्हता. आणि देल्फीन काही गिळून ठेवणाऱ्यांतला नव्हता, तो रडायचा मोठ्यानं, हसायचा मोठ्यानं. तो फक्त दूध गिळायचा.

पण हे तेव्हा तिच्या मनात आलं नव्हतं. आज आलं, कागद हातात धरून उभी असताना, आणि आल्यावर मग थांबेना. तिनं पिवळी डबी काढली. माणसांचे तुकडे पांढऱ्या डब्यांत, जनावरांचे पिवळ्या. माणसं सकाळी, जनावरं दुपारी. मधे पातं बदलायचं, पाणी ओतून द्यायचं, टेबल पुसायचं. ही शिस्त तिनंच लावली होती आणि नव्या पोरींना ती हळू आवाजात पण एकही पायरी न गाळता शिकवायची. काचेवर आल्यावर मात्र पिवळं नाही आणि पांढरं नाही. सगळं तेच, गुलाबी आणि निळं. पालोमाच्या पिशवीची आतली बाजू तिनं बोटानं उलटी केली. गुळगुळीत हवी, ती फुलकोबीच्या गड्ड्यासारखी होती, मधेमधे काळपट लाल. अशा पिशव्या तिनं किती कापल्या असतील? ग्वारांदाच्या खालच्या उतारांवरून वर्षाला तीस, चाळीस. ती डबी भरायची, डॉक्टर अहवाल लिहायचे, शिक्का पडायचा, बस तो परत न्यायची. तिच्याच गावाकडून यायच्या त्या. आणि तिनं कधी, एकदाही, कागदाची शेवटची ओळ वाचली नव्हती. कारण ती ओळ डबीवर लिहायची नसते.

तांबडं मुतणं युराकुर्कूत कोणाला नवं नव्हतं. प्रत्येक गोठ्यात एक तरी गाय तशी असायचीच. बाबा डोंगराचा उतार जाळायचे, कुरणासाठी. राखेतून गवताआधी ल्याशिपा उगवायचं. तेच ते नेचं, आधी बाळाच्या मुठीसारखं गुंडाळलेलं, मग खांद्याएवढं. उपटलं तर दुप्पट येणारं. कोरड्या महिन्यांत दुसरं काही हिरवं नसलं की गायी त्या मुठी खायच्या. मग कधीतरी सकाळी गोठ्यातल्या चिखलात लाल पाट दिसायचा. आई म्हणायची, गारठा बाधला. लिंबू पिळून गुळाचं पाणी पाजायची. आणि सगळं गाव म्हणायचं, रक्त खाली गेलं की दूध गोड होतं. अशा गायीचं दूध मुद्दाम राखून ठेवायचे. पहिल्या धारा मांजराला, मधलं दूध चीज करायला आणि एतेल्विनाला, आणि शेवटची धार, दाट, पिवळसर, फेसाळ, निळ्या काठाच्या पेल्यात, वर चिमूटभर भाजलेल्या जवाचं पीठ, ती देल्फीनला. तो गोठ्याच्या खांबाला टेकून प्यायचा, डोळे मिटून, आणि पिऊन झालं की बाहीनं तोंड पुसत तिच्याकडे बघायचा. खिजवायला नाही. खिजवलं असतं तर बरं झालं असतं. तो जरा ओशाळून बघायचा. नवव्या वर्षी तिनं एकदा चोरून एक घोट घेतला होता. वरच्या ओठावरच्या फेसानं पकडली गेली. आईनं मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकून उभं केलं, म्हणाली, “भावाच्या तोंडचं काढतेस? तुला काय नांगर धरायचाय?” देल्फीन दाराआड रडत होता. ती नाही रडली. तिनं त्या दिवशी आईला ‘तू’ म्हणायचं सोडलं, ‘तुम्ही’ म्हणायला लागली. आईला वाटलं, पोरीला वळण लागलं. देल्फीन शेवटपर्यंत ‘तू’ म्हणत राहिला.

आता ती बावन्न वर्षांची होती, तिचं पोट ठणठणीत होतं, आणि देल्फीन गेल्या ऑगस्टमध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला होता. म्हणजे काय झालं? तिच्यावर कमी माया केली म्हणून ती जगली? मग ज्या गोष्टीसाठी ती चव्वेचाळीस वर्षं आतल्या आत कुढली, तिचे उपकार मानायचे? कोणाचे? या विचाराला धरायला कुठं कडाच नव्हती. देल्फीनच्या पोटात दोन वर्षं जळजळत होतं. दोन वर्षं! आई फोनवर सांगायची, “काही नाही गं, आंबट होतं त्याला. दूध देते. दूध पडलं की निवतं.” सकाळ-संध्याकाळ दूध. आणि गाय मेली तर पिशवी बरणीत घालून, चिकटपट्टीचे चार वेढे देऊन, बसवाल्याला दोन डॉलर देऊन किटोला. गायीचं नीट बघायला सांग हं. त्याचं का नाही पाठवलं बघायला? त्याला का नाही घातलं बसमध्ये? एतेल्विनानं डबीचं झाकण दाबलं, ते तुटलं. दुसरं घेतलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी उशिरा काच तयार झाली. वाचायचा अधिकार तिला नव्हता. ती कापायची, डॉक्टर रेमिखिओ वाचायचे. पण तीस वर्षं गुलाबी-निळं बघून डोळा तयार होतोच. तिनं ट्रे नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवला आणि एरवी जाते तशी गेली नाही.

“काय, आज राणी की गाय?” डॉक्टर म्हणाले. हा त्यांचा रोजचा विनोद, बाईचा तुकडा असला तर राणी. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, बटण फिरवलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. “वा! झकास आहे हो. पुस्तकात छापावं असं. रक्तवाहिन्यांची गाठ वेगळी, अस्तराची वेगळी, दोन्ही एकाच पिशवीत. पोरांना बोलवा, दाखवू या.”

“कशानं होतं हे, डॉक्टर?”

“ल्याशिपा. तुमच्याकडचंच की! त्यातलं विष मूत्राशयात साठतं आणि अस्तर बिथरतं. पेशींना थांबायचं कुठं ते कळेनासं होतं.”

“आणि दुधात?”

डॉक्टरांनी भिंगावरून डोळा काढला. “दुधात उतरतं थोडं. व्हेनेझुएलात, कोस्टा रिकात पुष्कळ काम झालंय त्यावर. नेच्याच्या डोंगरात पोटाचे कॅन्सर जास्त, असंही मोजलंय काही जणांनी. पण मोजणं वेगळं, एतेल्विनाबाई, आणि एखाद्या माणसापुरतं सिद्ध होणं वेगळं. पोटाला शंभर कारणं असतात.”

“तुम्हाला हे केव्हापासून माहीत आहे?”

“अहो, झाली की पंधरा-वीस वर्षं. कुठल्याशा परिषदेत ऐकलं होतं.”

पंधरा-वीस वर्षं. गुणिले चाळीस पिवळ्या डब्या. ती ओळ प्रत्येक कागदाच्या तळाशी होती आणि हा माणूस तिच्यावर शिक्का मारत आला होता. “मग अहवालात लिहा ना,” ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, हळू. “दूध पोरांना देऊ नका, एवढी एक ओळ.”

“अहवाल गायीचा आहे. गाय मेली.” ते हसले, मग तिचा चेहरा बघून थांबले. “असं बघा, मी पेशीचं नाव लिहितो. उद्या मी दूध पिऊ नका लिहिलं, तर ती माणसं विकणार काय? त्या उतारावर दुसरं काय पिकतं? कारण, अज्ञात. हे लिहिलं की कोणाचं नुकसान नाही.” आणि मग, काचेवरचं नाव आत्ता कुठं वाचून, “युराकुर्कू... तुमच्या ओळखीचे आहेत का कोणी?”

“माझी आई.”

“अरेरे. गाय चांगली होती का?”

तिनं वाचून झालेल्या काचांचा ट्रे उचलला. तो आपण त्यांच्या डोक्यावर घालू शकतो, हे तिला इतकं सहज, इतकं बारकाईनं दिसलं, काचा कशा उडतील, कुठली कुठं पडेल, की तिनं ट्रे खाली ठेवून हात एप्रनच्या खिशात घातले आणि जपमाळेचे मणी चाचपले. मण्यांनी काही झालं नाही. “हो, चांगली होती,” ती म्हणाली.

“रागावलात का?”

“नाही, डॉक्टर.”

हे खोटं होतं, पण रागाचा शब्द नव्हता. देवाच्या हिशेबात हे कुठल्या रकान्यात जातं? मागच्या अंगणात, जिथं रिकाम्या बरण्या वाळत घालतात, तिथं येऊन ती पायरीवर बसली. देवावरही तिचा राग होता, आता कबूल करायला हरकत नव्हती. तू बघत होतास. माझे शब्द मोजत होतास रोज संध्याकाळी, आणि तिकडे बाई रोज पहाटे उठून, शालीनं पेला पुसून, पोटच्या पोराला... त्याचं काही मोजलं नाहीस? पण तिला रडू येत नव्हतं आणि वेळही नव्हता, कारण पेला अजून चालू होता. तोच गोठा, तोच उतार, उरलेल्या दोन गायी. गेल्याच रविवारी आई फोनवर म्हणाली होती, “नूबियाला आता चोलीताची शेवटची धार देते. पोरगी बघ कशी गुटगुटीत झालीय. अगदी बापावर गेलीय, डोळे मिटून पिते.” देल्फीनची नूबिया सहा वर्षांची. तिची आई स्पेनमध्ये टोमॅटो तोडतेय, बाप मातीत. उद्या सकाळी पुन्हा पेला भरेल. परवा पुन्हा.

सरळ होतं. फोन करायचा आणि सांगायचं. पण मरायच्या आधी सहा दिवस, इस्पितळाच्या लांब खोलीत, शेजारच्या खाटेवरचा म्हातारा घोरत असताना देल्फीननं तिचा हात धरला होता. हात कसला, काटक्या होत्या. “ताई, एक कबूल कर. आईला माझ्यावरून कधी काही बोलायचं नाही. उशीर केला म्हणून नाही, काही म्हणूनच नाही. तिला असं वाटता कामा नये की तिच्याकडून काही कमी झालं. माझ्या नूबियाला सांभाळ, आणि आईला जप.” दोन्ही गोष्टी एका श्वासात, जणू एकच गोष्ट होती. तिनं कबूल केलं. कमी झालं असं नाहीच, देल्फीन. कमी झालं असतं तर तू जगला असतास. खरं म्हणजे तेही कोणी शपथेवर सांगू शकत नव्हतं. पोटाला शंभर कारणं. एवढा मोठा राग, आणि त्याखाली ठेवायला एक खात्रीची फळीसुद्धा नाही. दुधावर संशय आहे, असं आईला सांगितलं तर ती हसेल आणि म्हणेल, दुधानं कोणी मेलंय का? आणि विश्वास बसला, तर? सत्त्याहत्तर वर्षांची बाई, एकेक पेला मागं मोजत जाईल. एतेल्विनाला ते दृश्य दिसलं, आणि देवा, क्षणभर तिला ते आवडलं. आई मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकून बसलेली. तिनं ते मनातून पुसलं नाही. पुरतं बघून घेतलं. मग तिनं फोन लावला.

“निघालं का काही माझ्या पालोमाचं?” आईनं हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

“आई, दुसरं बोलायचंय. देल्फीनचा एक नवस राहिलाय.”

हे वाक्य तोंडातून जाईपर्यंत ते तिचं तिलाच माहीत नव्हतं. पलीकडे कोंबड्या कलकलत होत्या.

“कसला नवस? मला काही बोलला नाही तो.”

“इस्पितळात बोलला. डोंगरावरच्या वाइकोच्या माउलीला. नूबियानं दुधाला शिवायचं नाही, मोठी होईपर्यंत. घरातल्या कोणीच प्यायचं नाही.”

“काय?” आईचा आवाज चढला. “वेडबिड लागलंय का तुला? वाढत्या अंगाचं लेकरू! कुठला बाप असला नवस बोलतो? लोक मिठाई सोडतात, मांस सोडतात, पायी जातात. लेकराच्या तोंडचं दूध काढतं का कोणी?”

तुझ्याच पेल्यानं. हे दोन शब्द एतेल्विनाच्या दातांच्या मागे येऊन उभे राहिले. छत्तीस वर्षांत इतक्या पुढं काही आलं नव्हतं, आणि आलं ते ‘तू’ होऊन आलं. तिनं तोंड मिटलं. जीभ टाळ्याला चिकटवून ठेवली, नाकानं श्वास घेतला. अंगणातल्या बरण्या उन्हात चकाकत होत्या, प्रत्येकीच्या तळाशी पाण्याचा एक थेंब. नवस तिच्या लेखी खेळ नव्हता. जन्मभर तिनं देवाला दिलेला एकही शब्द खाली पडू दिला नव्हता, आणि आज ती मेलेल्या भावाच्या नावानं, माउलीच्या नावानं धडधडीत खोटं बोलत होती. हे पाप असेल तर असू दे. लिही, देवा, तुझ्या वहीत.

“मला कारण माहीत नाही, आई. तो म्हणाला, मी ऐकलं.”

“मग मला का नाही सांगितलं? मला सगळं सांगायचा तो. पोटात दुखलं तरी आधी मला.”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणाला.”

पलीकडे चुलीतलं लाकूड ढकलल्याचा आवाज आला.

“पालोमाचं सांगितलं नाहीस,” आई म्हणाली.

“गाठ होती.”

“कसली?”

“वाईट. पिशवीभर.”

“देल्फीनला होती तसली?”

खोटं बोलायला एवढीच एक जागा उरली होती, आणि एतेल्विनाला ते जमलं नाही. जमलं नाही, की जमवलं नाही, हे ती पुढं कित्येक संध्याकाळी देवळात बसून स्वतःला विचारणार होती. “तसलीच,” ती म्हणाली. “जनावरांनाही होते, आई.”

“बरं,” आई म्हणाली.

मग तिनं वेगळ्याच, कोरड्या आवाजात विचारलं, “शेजारी विचारतील. आमच्याकडे काचो कुटुंबाची पोरंसुद्धा पेला घेऊन येतात सकाळची. त्यांना काय सांगायचं?”

“सांगा, नवस आहे.”

“त्यांच्या पोरांचा नाही ना तो.”

“नाही.”

“मग माझं मी बघते त्यांना काय सांगायचं ते. आणि दूध? कासेत ठेवून चालत नाही. गाय ओरडते.”

“ओतून द्या.”

“ओतते.” आई नेहमी एखाद्या कामाची यादी मनात लावताना बोलायची तशी बोलत होती. “बोललेला नवस घरात बसून लागू होत नाही. माउलीच्या पुढ्यात उभं राहून लेकराकडून म्हणवून घ्यावं लागतं. आत्ता निघालो तर उजेडात पोचू. तू ठेव फोन.”

“आई, उद्या सकाळी जा. दोन तासांची चढण आहे. तुमचे गुडघे...”

“सकाळी धार काढायची असते,” आई म्हणाली.

आईला फोन बंद करता येत नसे. ती तो नुसता चुलीशेजारच्या फळीवर पालथा ठेवायची. त्यामुळे एतेल्विनाला सगळं ऐकू येत राहिलं. बादली उचलल्याचा आवाज, मग पातळ काहीतरी जमिनीवर पडल्याचा, बराच वेळ. “आजी, सांडलं!” नूबियाचा आवाज. “असू दे. शाल घे. ती नाही, जाडी.” “कुठं जायचं?” “माउलीकडे. तुझ्या बाबांचं बोलणं राहिलंय, ते आपण दोघी पुरं करू.” “बाबा येणारेत तिकडं?” यावर आईनं काय उत्तर दिलं ते कोंबड्यांच्या कलकलाटात बुडालं. मग फाटकाची कडी. मग खडीवरून पावलं, एक जोडी जड आणि मधेमधे थांबणारी, दुसरी तिच्याभोवती उड्या मारणारी, हळूहळू लांब जात.